जुन्या मोटरसायकलचे व्हॉल्व्ह बदलताना: टिकणारे सामान कसे निवडावे

घरातली जुनी बुलेट पोर्चच्या कोपऱ्यातून बाहेर काढून पुन्हा रस्त्यावर आणायची ठरली, की पहिला मोठा खर्च बहुधा हेडवर, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणावर, येतो. गाडी किक मारमारून दमवते, गरम झाली की बंद पडते, सायलेन्सरमधून अधूनमधून फाटका आवाज येतो. मिस्त्री किकवर पाय ठेवून दाब पाहतो आणि म्हणतो, "भाऊ, वॉल कापला आहे, दोन्ही बदलून टाकू." इथपर्यंत सगळे ठीक असते. खरा गोंधळ दुकानाच्या काउंटरवर सुरू होतो. एकाच गाडीसाठी तीन-चार वेगवेगळ्या डब्यांतले व्हॉल्व्ह समोर येतात, किमतीत दुपटी-तिपटीचा फरक असतो, आणि कोणता का घ्यायचा हे कोणी सांगत नाही.

मी या सगळ्यातून गेलो आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो: व्हॉल्व्ह एकटा विकत घेऊ नका. व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारी इनलेट किंवा जळालेला वायू बाहेर सोडणारी एक्झॉस्ट झडप), गाईड (व्हॉल्व्हचा दांडा जिच्यात सरकतो ती नळी) आणि सीट (व्हॉल्व्हची तबकडी बंद होताना जिच्यावर बसते ती कड) हे तिघे मिळून टिकतात किंवा तिघे मिळून जातात. बंद व्हॉल्व्हची उष्णता निघून जायला दोनच वाटा असतात. साधारण तीन चतुर्थांश उष्णता सीटमधून हेडमध्ये जाते आणि उरलेली दांड्यातून गाईडमध्ये. यातली एक वाट बिघडली, तर कितीही महाग व्हॉल्व्ह घातला तरी तो जळणारच. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. नवतपात व्हेरायटी चौकाच्या सिग्नलवर उभ्या असलेल्या हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला वाराही मिळत नाही. त्यामुळे इतरत्र चालून जाणारी ढिलाई इथे चालत नाही.

१. आपले इंजिन नक्की कोणते, हे ठरवा

ही पायरी फालतू वाटेल, पण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. जुन्या जावा, जुन्या येझदी, राजदूत १७५ आणि आरएक्स १०० ही टू-स्ट्रोक इंजिने आहेत. त्यांच्या हेडमध्ये असे व्हॉल्व्ह नसतातच. आरएक्स १००मध्ये रीड व्हॉल्व्ह असतो, पण तो कार्ब्युरेटर आणि सिलिंडरच्या मधल्या वाटेवरची पातळ पत्र्याची झडप आहे. हा लेख त्याबद्दल नाही.

बुलेटवाल्यांनी तीन पिढ्या वेगळ्या ओळखायला शिकावे. काळा कास्ट आयर्न सिलिंडर आणि वेगळा गिअरबॉक्स असलेले जुने इंजिन, ॲल्युमिनियम सिलिंडरचे एव्हीएल इंजिन, आणि नंतरचे इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेले यूसीई. यूसीईमध्ये हायड्रॉलिक टॅपेट (कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे पोचवणारा, इथे ढील आपोआप सांभाळणारा भाग) असल्यामुळे तिथला हिशेबच निराळा आहे. "बुलेट ३५०चा व्हॉल्व्ह द्या" एवढेच सांगितले, तर दुकानदार जे जास्त खपते तेच देणार. इंजिन नंबर, उत्पादनाचे वर्ष आणि शक्य असेल तर जुना काढलेला व्हॉल्व्ह हातात घेऊनच दुकानात जा. १९५५पासून मद्रासमध्ये बनलेल्या या गाड्यांत वर्षानुवर्षे बारीकसारीक बदल होत गेले आहेत. शिवाय तुमच्या गाडीचे हेड मधल्या काळात कोणी बदललेले असण्याचीही शक्यता असते. म्हणून आरसी बुकापेक्षा हातातल्या भागावर जास्त विश्वास ठेवा.

बीएसए एम २० किंवा नॉर्टन १६ एचसारखी लष्करी वापरातली जुनी ब्रिटिश गाडी असेल, तर ती साइड-व्हॉल्व्ह आहे. तिचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून सिलिंडरच्या बाजूला, तबकडी वर करून बसलेले असतात. सीट बहुधा सिलिंडरच्याच कास्ट आयर्नमध्ये कापलेली असते. याचा परिणाम सातव्या पायरीत दिसेल.

२. जुना व्हॉल्व्ह का गेला ते शोधा

नवा भाग घेण्याआधी जुना भाग टेबलावर ठेवून नीट पाहा. जळालेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका जागी उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. बाकी कड शाबूत आणि एकाच जागी खाच असेल, तर तिथून वायू गळत होता. म्हणजे सीट वाकडी होती, कार्बन अडकला होता किंवा टॅपेट घट्ट होता, म्हणजे त्याची ढील संपली होती. पूर्ण तबकडी पांढुरकी पडली असेल, तर इंजिन सतत गरम चालत होते. दांड्यावर एकाच बाजूला चमकदार पट्टा असेल, तर गाईड झिजून व्हॉल्व्ह डुलत होता.

इंजिन गरम चालण्याची कारणे व्हॉल्व्हच्या बाहेर असतात: मिश्रणात पेट्रोल कमी, इग्निशन उशिरा, कार्ब्युरेटरच्या गॅस्केटमधून ओढली जाणारी हवा. आणि जुन्या बुलेटचे एक खास कारण, जे फार थोडे लोक तपासतात: डीकॉम्प्रेसरची, म्हणजे किक मारताना दाब सोडणाऱ्या लिव्हरची, केबल. तो लिव्हर एक्झॉस्ट व्हॉल्व्हलाच किंचित उचलतो. केबलमध्ये ढील नसेल, तर व्हॉल्व्ह कायम केसभर उघडा राहतो आणि जळतो. व्हॉल्व्ह दोनदा बदलूनही जळतच असेल, तर आधी ही केबल पाहा.

कारण दुरुस्त केल्याशिवाय नवा भाग घालू नका. यावर माझे मत अगदी ठाम आहे.

३. हाताशी काय हवे

सगळे विकत घ्यायची गरज नाही. बरेचसे मिस्त्रीकडे असते, पण मायक्रोमीटर मात्र स्वतःचा असावा.

- गाडीचे वर्कशॉप मॅन्युअल आणि पार्ट्स बुक, निदान आपल्या मॉडेलच्या मोजमापांची पाने
- ० ते २५ मिमीचा मायक्रोमीटर, व्हर्निअर, फीलर गेज
- छोट्या भोकाचे माप घेणारे गेज (गाईडच्या आतल्या व्यासासाठी)
- व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबायचा क्लॅम्प
- साधे लोहचुंबक आणि बारीक कानस
- जाड आणि बारीक ग्राइंडिंग पेस्ट, रबरी लॅपिंग स्टिक (पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासण्यासाठी)
- निळा मार्किंग रंग, थोडे रॉकेल, मुलांची खेळायची प्लॅस्टिसिन माती
- टॉर्क रेंच

कागदांत जुन्या-नव्या भागांची पक्की बिले जपून ठेवा. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या दुचाकी आणि चारचाकींसाठी केंद्राने जुलै २०२१मध्ये विंटेज नोंदणीचे वेगळे नियम आणले. त्यांत नंबरात "व्हीए" ही अक्षरे येतात. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. व्हॉल्व्ह-गाईड बदलणे ही दुरुस्ती आहे, पण पुढेमागे असा अर्ज करायचा विचार असेल, तर मूळ हेड आणि मूळ सिलिंडर टिकवा. "हेडच दुसरे टाकून देतो" या सल्ल्याला लगेच हो म्हणू नका. आणि ही नोंदणी रोजच्या वापराच्या गाडीसाठी नाही, हेही लक्षात ठेवा.

४. आधी मोजा, मग खरेदी करा

हेड उघडून, कार्बन साफ करून ही मापे एका वहीत लिहा.

दांड्याचा व्यास तीन ठिकाणी घ्या: वर, मध्ये आणि तबकडीजवळ. जिथे गाईडचा स्पर्श होतच नाही अशी जागा दांड्यावर सापडते. तिथला व्यास म्हणजे मूळ माप. त्यातून झिजलेल्या जागेचे माप वजा केले, की झीज कळते. गाईडचा आतला व्यासही दोन्ही टोकांना घ्या आणि दोन दिशांनी घ्या, कारण गाईड बहुधा गोल न झिजता लांबट झिजतो.

तबकडीचा व्यास, व्हॉल्व्हची एकूण लांबी, लॉक (स्प्रिंगला दांड्याशी अडकवून ठेवणारे छोटे तुकडे) बसायच्या खाचेची जागा आणि आकार लिहा. शेवटचे माप लोक विसरतात. सगळे जुळते आणि लॉकची खाच अर्धा मिमी वर-खाली निघते, मग स्प्रिंगचा ताण बदलतो.

तबकडीची कड, म्हणजे तिरक्या फेसच्या वरचा उभा भाग, साधारण १ मिमीपेक्षा कमी उरला असेल, तर तो व्हॉल्व्ह पुन्हा घासून वापरू नका. पातळ कड लगेच तापते आणि जळते. "अजून एक ग्राइंडिंग निघेल" असे सांगणारे भेटतात. इनलेटचे काही काळ निघेलही, एक्झॉस्टचे निघत नाही.

जुनी ब्रिटिश पुस्तके इंचात असतात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी. लेथवाल्याशी बोलताना थाऊ बोलताय की मायक्रॉन, हे आधी नक्की करा. एक थाऊ म्हणजे सुमारे २५ मायक्रॉन. या घोळात गाईड हमखास ढिला होतो.

५. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा धातू

पैसे मोजकेच असतील, तर ते इथे खर्च करा. इनलेट व्हॉल्व्हला प्रत्येक फेरीत ताज्या गार मिश्रणाचा वारा लागतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र ७०० अंशांच्या आसपास तापलेल्या वायूंत उभा असतो.

इनलेटसाठी सिलक्रोम पोलाद, म्हणजे ईएन-५२ वर्गातले, पुरेसे आहे. त्यात सुमारे ९ टक्के क्रोमियम आणि ३ टक्के सिलिकॉन असते. ते उष्णोपचाराने कडक करता येते आणि त्याला लोहचुंबक चिकटते.

एक्झॉस्टसाठी २१-४एन मागा. २१ टक्के क्रोमियम, ४ टक्के निकेल, सोबत मँगनीज आणि नायट्रोजन. लालभडक तापल्यावरही हा धातू आपली ताकद बऱ्यापैकी टिकवतो. त्याला चुंबक चिकटत नाही. बरेच कारखाने दोन धातूंचा व्हॉल्व्ह बनवतात: तबकडी २१-४एनची आणि दांडा कडक होणाऱ्या पोलादाचा, दोन्ही घर्षणाने जोडलेले. असा व्हॉल्व्ह हातात घेऊन चुंबक दांड्यावरून हळूहळू तबकडीकडे सरकवा. वरच्या भागात ते घट्ट धरते आणि एका विशिष्ट रेषेवर अचानक सुटते. ती रेष म्हणजे जोड. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही, बोटांना मात्र नेमकी कळते.

दुकानात "एक्झॉस्ट आहे, स्टेनलेस आहे" म्हणून दिलेल्या व्हॉल्व्हच्या तबकडीला चुंबक टपकन चिकटले, तर तो परत करा. उलट बाजूही ध्यानात असू द्या: चुंबक चिकटले नाही म्हणजे माल उत्तमच, असे सिद्ध होत नाही. ही चाचणी फक्त खोटे पकडते.

पूर्ण २१-४एनचा व्हॉल्व्ह घेतलात, तर दोन गोष्टी तपासा. हा धातू उष्णोपचाराने कडक होत नाही. म्हणून रॉकर (व्हॉल्व्ह दाबून उघडणारी दांडी) जिथे आपटतो ते टोक वेगळ्या कडक धातूचे, सहसा स्टेलाइटचे, असले पाहिजे किंवा त्यावर कडक टोपी हवी. टोकाच्या कडेवर बारीक कानस हलकेच फिरवा. ती घसरली तर ठीक, धातू कापला गेला तर ते टोक थोड्याच काळात खड्डा पडून चपटे होईल आणि टॅपेट सारखा ढिला होत राहील. दुसरे, दांड्यावर क्रोमचा थर आहे का ते पाहा. कास्ट आयर्न गाईडमध्ये विनाक्रोम २१-४एन धरण्याची, म्हणजे अडकून बसण्याची, शक्यता असते. क्रोम नसेल, तर ब्रॉन्झ गाईड वापरा.

आता सापळा. जुन्या दुर्मीळ गाडीचा व्हॉल्व्ह मिळत नाही, तेव्हा कार किंवा ट्रॅक्टरचा व्हॉल्व्ह लेथवर कापून बसवायचा सल्ला मिळतो. चांगल्या व्हॉल्व्हपासून जाणकाराने केलेले काम टिकते. पण दांडा घासला की क्रोम गेले, टोक कापले की कडक थर गेला, आणि नवी लॉकची खाच धारदार कोपऱ्याची कापली, तर तिथूनच व्हॉल्व्ह तुटून पिस्टनवर पडतो. खाचेला गोलाई हवीच. त्याहून गंभीर म्हणजे काही गाड्यांचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पोकळ असून आत सोडियम भरलेला असतो. तो पाण्याच्या संपर्कात येताच भडकतो. दांडा तबकडीच्या मानाने विचित्र जाड वाटला किंवा व्हॉल्व्ह आकाराच्या मानाने हलका लागला, तर त्याला लेथवर हातही लावू देऊ नका.

६. गाईड

कास्ट आयर्न की ब्रॉन्झ, यावर चहाच्या टपरीवर तासन्‌तास वाद चालतो. माझे मत असे: मूळ आयर्न असेल आणि क्रोमवाला व्हॉल्व्ह मिळत असेल, तर आयर्नच ठेवा. ते तेल धरून ठेवते आणि कमी देखभालीत चालते. ब्रॉन्झ उष्णता जास्त चांगली वाहून नेते. म्हणून एक्झॉस्टला चांगल्या प्रतीचा ब्रॉन्झ गाईड घातला, तर आपल्या उन्हाळ्यात फायदाच होतो. फक्त "ब्रॉन्झ" म्हणून लेथवाल्याने कोपऱ्यातल्या पितळेच्या सळईतून गाईड कापला, तर तो काही महिन्यांत खलास होईल. रंग दोन्हींचा पिवळसरच असतो. सळईचे बिल मागा किंवा तयार गाईड विकत आणा.

व्हॉल्व्ह आणि गाईडमधली ढील पुस्तकात दिली असेल, तर तीच पाळा. नसेल, तर ८ मिमीच्या आसपासच्या दांड्यासाठी इनलेटला ०.०२ ते ०.०५ मिमी आणि एक्झॉस्टला ०.०४ ते ०.०७ मिमी ही साधारण चौकट धरा. एक्झॉस्टला जास्त ढील लागते, कारण तो जास्त तापतो आणि २१-४एन साध्या व्हॉल्व्ह पोलादाच्या जवळजवळ दीडपट प्रसरण पावते. जुन्या सिलक्रोम व्हॉल्व्हच्या मापाने काटेकोर रीम केलेल्या (भोक मापात कोरलेल्या) गाईडमध्ये २१-४एन घातला, तर गाडी घरी मस्त चालते आणि वर्धा रोडवर वीस-पंचवीस किलोमीटर ताणल्यावर व्हॉल्व्ह पकडतो.

गाईडच्या लांबीकडेही लक्ष द्या. बाहेरच्या कंपनीचा गाईड वरून थोडा लांब असेल, तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडताना रिटेनर (स्प्रिंगच्या माथ्यावरची टोपी) त्याच्या माथ्यावर आपटतो. पूर्ण उघड्या अवस्थेत दोघांत निदान दीड मिमी अंतर उरले पाहिजे.

७. सीट आणि बिनशिशाचे पेट्रोल

१ फेब्रुवारी २०००पासून भारतभर बिनशिशाचे पेट्रोल आले. पूर्वीच्या पेट्रोलमधल्या शिशाचा पातळ थर सीटवर बसायचा आणि तापलेला व्हॉल्व्ह सीटला सूक्ष्म प्रमाणात चिकटून तिचा धातू उपटत राहण्याचे थांबवायचा. शिसे गेले आणि मऊ कास्ट आयर्नच्या सीट झिजू लागल्या. व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत गेला, की दांडा वर येतो आणि टॅपेटची ढील आपोआप कमी होते. दर काही आठवड्यांनी एक्झॉस्टचा टॅपेट घट्ट झालेला सापडत असेल, तर हेच चालू आहे असे समजा.

ॲल्युमिनियम हेडच्या बुलेटमध्ये सीट म्हणजे वेगळी बसवलेली रिंग असते. ती बदलून कडक प्रतीची घालता येते. काम नीट झाले, तर हा विषय कायमचा मिटतो. साइड-व्हॉल्व्ह गाडीचे मात्र मी वेगळे सांगेन. सिलिंडर शाबूत आहे, गाडी रविवारी रामटेकपर्यंत आरामात जाऊन येते, टॅपेट टिकून आहे, तर केवळ खबरदारी म्हणून तो जुना सिलिंडर कापून रिंग बसवू नका. तडा गेला, तर दुसरा मिळणार नाही. टॅपेटची नोंद ठेवत राहा. झीज दिसू लागली, की मग कापा.

सीटचा संपर्क पट्टा इनलेटला १ ते १.५ मिमी आणि एक्झॉस्टला १.५ ते २ मिमी असावा. एक्झॉस्टचा रुंद ठेवायचा, कारण उष्णता तिथूनच जाते. शर्यतीच्या गाड्यांचे पाहून अगदी बारीक सीट कापणारे असतात. जुन्या गाडीला ते करू नका.

८. स्प्रिंग, रिटेनर, लॉक

स्प्रिंगची मोकळी लांबी पुस्तकाशी ताडून पाहा. सपाट काचेवर उभी करून गुण्या लावा. वर झुकलेली असेल, तर बदला. गंजाचा एक खड्डाही चालवू नका, स्प्रिंग तिथूनच तुटते. वेटोळी एका टोकाला दाट असतील, तर दाट टोक हेडच्या बाजूला येते. जास्त कडक स्प्रिंग म्हणजे जास्त टिकाऊ, हा समज काढून टाका. कडक स्प्रिंग कॅम आणि टॅपेटचे पाय खाते, आणि जुन्या गाडीचा कॅम हा व्हॉल्व्हपेक्षा कितीतरी महागडा आणि दुर्मीळ भाग आहे.

लॉक नेहमी नवे घ्या, तेही व्हॉल्व्हच्याच कंपनीचे. काही रुपयांची वस्तू असते, पण तीच सुटली तर इंजिन संपते.

९. खरेदी

रेल्वेच्या पुलाखाली मांडलेल्या ढिगापासून ऑनलाइन विदेशी दुकानांपर्यंत सगळे पर्याय आहेत. भारतात राणे आणि उषा ब्रँडवाल्या श्रीराम पिस्टन्ससारख्या कंपन्या व्हॉल्व्ह बनवतात, त्यांचा माल तुमच्या मॉडेलसाठी मिळाला तर तो पहिला पाहा. जुन्या ब्रिटिश गाड्यांसाठी इंग्लंडमधील गोडालमिंगची जी अँड एस व्हॉल्व्ह्स ही कंपनी जुनी आणि माहीतगार आहे. एनफिल्डच्या सामानासाठी सॉलिहलचे हिचकॉक्स प्रसिद्ध आहे. बाहेरून मागवताना डाक आणि सीमाशुल्क धरून किंमत काढा, आणि एकट्याने मागवण्यापेक्षा ओळखीच्या दोघा-तिघांनी मिळून मागवा.

नकली मालाबाबत: डबा पाहून ठरवू नका, डबे हुबेहूब छापतात. व्हॉल्व्हवरचा शिक्का किंवा कोरलेली अक्षरे सुबक आहेत का, तिरक्या फेसवर ग्राइंडिंगच्या रेषा एकसारख्या आहेत का, दांडा काचेवर लोळवला तर तबकडी डुलते का, ते पाहा. एकाच डब्यातल्या दोन व्हॉल्व्हचे दांडे मायक्रोमीटरने मोजा. चांगल्या कारखान्याच्या मालात फरक जवळपास सापडत नाही. हे सगळे काउंटरवर करू देत नसेल, तर "भाऊ, मोजून घेतो, मग पैसे देतो" असे सरळ म्हणा. चांगला दुकानदार हसून स्टूल पुढे सरकवतो.

१०. वर्कशॉपमध्ये कामाचा क्रम

हिंगणा एमआयडीसीकडे आणि शहरातही मशिनिंगची छोटी-मोठी वर्कशॉप आहेत. साध्या लेथवाल्यापेक्षा, ज्याच्याकडे सीट कापायचे मशीन आहे आणि जो रोज हेडचीच कामे करतो, त्याच्याकडे जा.

क्रम असा: आधी गाईड, मग गाईडचे रीमिंग किंवा होनिंग, मग त्याच गाईडला मध्य धरून सीट कापणे, आणि शेवटी लॅपिंग. गाईड बदलला की सीट कापावीच लागते, कारण नवा गाईड जुन्या मध्यावर तंतोतंत बसत नाही. सीट आधीच कापून गाईड नंतर ठोकणारा भेटला, तर हेड उचलून परत या.

ॲल्युमिनियम हेडमधून गाईड थंड अवस्थेत हातोड्याने काढू देऊ नका. भोक ओरबाडले जाते आणि मग मोठ्या मापाचा गाईड करावा लागतो. हेड ओव्हनमध्ये १५० ते २०० अंशांपर्यंत सगळीकडून सारखे तापवायचे, नवा गाईड रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचा, मग तो थोड्याशा दाबाने सरकतो. गॅसच्या ज्योतीने एकाच जागी तापवले, तर हेड वाकते.

११. बसवताना

लॅपिंग थोडेच करा. आधी जाड, मग बारीक पेस्ट. सगळीकडे एकसारखी करडी रिंग दिसली की थांबा. नंतर पेस्टचा कणही मागे राहता कामा नये. रॉकेल, मग साबण-पाणी, मग गाईडमधून कापड ओढून काढा. राहिलेली पेस्ट नवा गाईड घासत राहते.

व्हॉल्व्ह स्प्रिंगसह बसवून पोर्टमध्ये रॉकेल ओता आणि दहा मिनिटे पाहा. सीटच्या कडेला ओल आली, तर पुन्हा काम करा. "गाडी चालली की बसेल" हे एक्झॉस्टच्या बाबतीत खरे नाही.

व्हॉल्व्हचे माप किंवा तबकडीची जाडी जुन्यापेक्षा वेगळी असेल, तर पिस्टनच्या माथ्यावर प्लॅस्टिसिनची गोळी चिकटवून हेड तात्पुरते कसा, इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवा, हेड उघडा आणि गोळी ब्लेडने कापून सर्वांत पातळ जागेची जाडी मोजा. इनलेटला दीड आणि एक्झॉस्टला दोन मिमीपेक्षा कमी निघाली, तर पुढे जाऊ नका. पुशरॉडही (टॅपेटपासून रॉकरपर्यंतची सळई) काचेवर लोळवून सरळ असल्याची खात्री करा.

१२. टॅपेट, पेट्रोल आणि नंतरची काळजी

जुन्या कास्ट आयर्न बुलेटला थंड इंजिनावर शून्य ढील ठेवायची असते. कॉम्प्रेशनच्या टोकावर (पिस्टन सर्वांत वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद) पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. इतर गाड्यांचे आकडे त्यांच्या पुस्तकाप्रमाणे. इथे नागपूरचा प्रश्न येतो. मे महिन्यात दुपारी उन्हात उभी असलेली गाडी "थंड" नसते, हेडला हात लावून पाहा. टॅपेट पहाटे, गाडी रात्रभर सावलीत उभी राहिल्यावरच लावा. संशय असेल, तर घट्ट ठेवण्यापेक्षा किंचित ढिला ठेवा. ढिला टॅपेट आवाज करतो, घट्ट टॅपेट मुकाट्याने व्हॉल्व्ह जाळतो.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. जुना कार्ब्युरेटर हे ओळखत नाही. तो पूर्वीइतकेच इंधन सोडतो, म्हणून मिश्रण पातळ होते. नव्या व्हॉल्व्हनंतर प्लगचा रंग पाहा. पांढरा पडत असेल, तर कार्ब्युरेटरची निडल एक खाच वर घ्या किंवा एक नंबर मोठा मेन जेट लावा. व्हॉल्व्हला तेलाचे सील असतील, तर इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्या. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल, तर कार्ब्युरेटर रिकामा करा आणि इंजिन कॉम्प्रेशनच्या टोकावर आणून ठेवा. दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात आणि दमट हवा आत जाऊन सीटवर गंज चढत नाही.

पहिल्यांदा गरम होऊन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट ठरलेल्या टॉर्कने पुन्हा तपासा, लगेच टॅपेटही. मग पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर परत एकदा. दोन्ही वेळचे टॅपेट चौथ्या पायरीतल्या वहीत तारखेसह लिहा. दुसऱ्या तपासणीला ढील थोडी कमी झालेली असेल, तर सीट बसते आहे असे समजा आणि पुन्हा लावून घ्या. तिसऱ्या-चौथ्या वेळीही ती कमीच होत राहिली, तर वर्कशॉपवाल्याला ती वही दाखवून सीटची रिंग कोणत्या धातूची घातली ते विचारा.